तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून ऑफिसला का जाते

पुण्याची भाचेमंडळी इंदूरला आली की हा प्रश्न ठरलेला. "मामी, रिटर्न ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, लॉकडाऊनमध्ये सगळं घरूनच केलंत ना? मग आता भर उन्हात स्कूटर काढून कशाला जाता?" ती स्वतः पायजम्यात मीटिंगा करतात, त्यामुळे त्यांना माझी कीव येते. शेजारीपाजारी विचारतात, आता तुम्हीही विचारलंत. तेव्हा एकदाच नीट सांगते.

मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेब बघते. आमची निम्मी गिऱ्हाइकं सियागंजातली, मसाले आणि किराण्याचे ठोक व्यापारी. घरून काम जमत नाही असं मी म्हणणारच नाही. उलट माझ्या नोकरीतला सर्वांत शांत दिवस घरी गेला, आणि तोही 31 मार्चला!

एरवी 31 मार्च म्हणजे आमच्याकडे नुसती लगीनघाई. रात्री उशिरा ऑफिसला कुलूप लागायचं आणि सगळी फौज सराफ्यात. सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात तिथे. भुट्ट्याचा कीस, जिलबी, आणि वर्ष संपलं.

2020 साली 24 मार्चला दुपारी अर्थमंत्र्यांनी मागच्या वर्षाच्या रिटर्नची मुदत 30 जूनपर्यंत वाढवली आणि रात्री आठला देशच बंद करायची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारली; चक्का मिळाला नाही म्हणून शिऱ्यावर भागवलं. 30 तारखेपासून तर इंदूर आणखी कडक बंद केलं, किराणा-भाजीसुद्धा नाही. (पुढे एप्रिलमध्ये कचऱ्याच्या गाडीवाल्यांकडे किराण्याची यादी द्यायची सोय नगर निगमने केली. स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहराला कचऱ्याची गाडी अशीही कामी आली.)

तर 31 तारीख. सकाळी नऊला मामंजींचं रामायण सुरू झालं, ते संपलं आणि घर गप्प झालं. मुलाचा लॅपटॉप, जेवणाचं टेबल, पेन ड्राइव्हवर आणलेला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप. बँकेच्या नोंदींचा आमच्या हिशेबाशी मेळ बसवत बसले. सस्पेन्समध्ये, म्हणजे कुठल्या खात्यात टाकायच्या हे न ठरल्यामुळे बाजूला, कधीपासून लोळत पडलेल्या नोंदी एकेक करून मार्गी लावल्या. ऑफिसात दर पाच मिनिटांनी कोणीतरी टेबलाशी उभं असतं, तिथे हे कधीच झालं नसतं. हिशेबाला शांतता लागते हे मला मान्य आहे.

दुपारनंतर फोन सुरू झाले. आर्थिक वर्षच जूनपर्यंत वाढलं, अशी आवई व्हॉट्सॲपवर फिरत होती. मुद्रांक कायद्यातल्या बदलाच्या एका अधिसूचनेचा कोणीतरी भलताच अर्थ लावला होता. वर्ष वाढलेलं नाही असा खुलासा अर्थ मंत्रालयाने आदल्या दिवशीच केला होता. तो मी प्रत्येकाला समजावत होते. तेवढ्यात सरकारचा अध्यादेश आला: पीपीएफ, विमा वगैरे कर वाचवणारी 80सी कलमातली गुंतवणूक 30 जूनपर्यंत करा, ती याच वर्षात धरू. म्हणजे वर्ष आजच संपणार, पण त्या वर्षातली बचत जूनपर्यंत करता येणार. हे फोनवर सांगून बघा कोणाला! "मॅडम, मतलब साल बढ़ा के नहीं बढ़ा?"

बाकी अडचणी आल्या तशा सुटल्या. डिजिटल सहीचं डोंगल ऑफिसच्या कपाटात अडकलं होतं. मे महिन्यात कंपन्यांनाही त्या सहीऐवजी ओटीपीवर जीएसटीचं 3बी रिटर्न भरायची मुभा मिळाली. बिलांचे फोटो यायचे, निम्म्यांवर अंगठा आणि उरलेल्यांत रकमेचा शेवटचा आकडा कापलेला. तेही चाललं.

नाही चाललं ते वेगळंच, आणि ते जूनमध्ये बाजार हळूहळू उघडल्यावर कळलं. एक जुने गिऱ्हाईक मास्क लावून आले, कागद दिले, उठले, दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "एक बात और थी मॅडम." हमालांचे पगार द्यायला त्यांनी साडूकडून रोख रक्कम उसनी घेतली होती. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही, आयकर कायद्यात तेव्हा त्याचं 269एसएस कलम होतं. दंड लागला तर घेतलेल्या रकमेएवढाच. दोन महिने हा माणूस माझ्याशी दर आठवड्याला फोनवर बोलत होता. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? म्हणाले, "घर में सब बैठे थे."

माझं घर शांत होतं, पण त्यांच्या खोलीत बायको, आई, दोन भाऊ, मुलं, सगळी होती. पैशाचं खरं कोणी घरच्यांसमोर बोलत नाही. कर्ज तर नाहीच. काही बायकांचं घरात न सांगितलेलं रिकरिंग, म्हणजे बँकेतलं दरमहा बचतीचं खातं असतं. त्याच्या व्याजावर बँकेने टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापला की आयकर खात्याच्या उताऱ्यात ते दिसतं. हा विषय त्या फोनवर काढतच नाहीत, समोर बसल्या तरी आधी पाणी पितात, माझ्या मुलाची चौकशी करतात, मग मुद्द्यावर येतात. भाचा म्हणतो, त्यासाठी व्हिडिओ कॉल आहे की! अरे बाबा, व्हिडिओ कॉलवर दार बंद आहे का, हे मला कुठे दिसतं?

म्हणून जाते. बँकेच्या मेळाचं काम मी हल्ली शनिवारी घरीच ठेवते, लॉकडाऊनने लावलेली ती सवय चांगली आहे आणि साहेबांनाही चालतं. सोमवार ते शुक्रवार टेबलावर असते. कधी काम पडलं तर अकरानंतर या, बिलं थैलीत कोंबून आणलीत तरी हरकत नाही. जुलैचा शेवटचा आठवडा तेवढा टाळा.