शेऱ्याचा रकाना

शनिवार, रात्री ११.४०

स्वाध्याय उद्या रात्री बारापर्यंत जमा करायचाय. दीड हजार शब्द. प्रश्न साधा दिसतो : तुमचा निर्णय चुकला अशी एक घटना सांगा आणि तो का चुकला ते लिहा. चार दिवस झाले, मोबाईलवर प्रश्न उघडतो, वाचतो, बंद करतो.

बंबावरची नोकरी एकोणीस वर्षांची. आता बेचाळिसाव्या वर्षी सार्वजनिक सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनातलं पदव्युत्तर शिक्षण, तेही ऑनलाइन. लेक बारावीला, मी एम.ए.ला. टेबल एकच आहे, त्यामुळे दहानंतर माझी पाळी. स्टेशनवर पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘ऑनलाइनची डिग्री चालते का?’ मान्यताप्राप्त विद्यापीठाची चालते, नेहमीच्या पदवीइतकीच धरतात, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. एवढं सांगितलं तरी ड्रायव्हर अण्णा म्हणालाच, “का बे, आता आग पण मोबाईलवरच विझवणार काय?”

खरं सांगायचं तर मी बढतीसाठीच नाव घातलं होतं. हप्त्याने फी भरताना नेतृत्व वगैरे काही डोक्यात नव्हतं.

मग एका रविवारच्या तासाला कॅलिफोर्नियाचे १९७० चे वणवे आले. तेरा दिवस, सोळा माणसं गेली, सातशेच्या आसपास इमारती खाक. चौकशीत निघालं काय, तर गाड्या-माणसं कमी पडली म्हणून नव्हे, कोण कुणाचं ऐकणार हेच ठरलेलं नव्हतं म्हणून घात झाला. वायरलेस वेगळे, एकाच वस्तूला चार नावं. त्यातून घटनास्थळाची आज्ञासाखळी बसवली गेली, आणि आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. एकाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, बेताची म्हणजे पाच. प्रत्येकाला साहेब एकच.

तास ऐकताना मला आमच्या सोलापूरची, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा दिसत होती. मिरवणुकीत उंच काठ्यांचे सात नंदीध्वज, प्रत्येकाचा मान ठरलेला, क्रम ठरलेला. एवढ्या गर्दीत ‘आता कुणी पुढं व्हायचं’ असं कुणी विचारत नाही. होम मैदानावर शोभेच्या दारूकामाला बंब लावून उभं राहायचं ते आम्ही. आमच्यात मात्र दोन साहेब आले की दोन हुकूम सुटतात. असो.

पण मला खरं हलवलं ते १४ एप्रिलने. दरवर्षी त्या दिवशी आम्ही छातीला झेंडा लावून रांगेत उभे राहतो. १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं, अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, हे पाठ आहे. त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या आणि आग त्या गाठींतून सुरू झाली, हे मी या अभ्यासात वाचलं. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट. मधले दोन तास पाणी चालूच होतं. जहाज बुडवायचं, की गोदीबाहेर न्यायचं? कप्तान, दारूगोळ्याचा अधिकारी, बंदरातले लोक, बंबवाले, सगळे तिथं हजर. शेवटचा शब्द कुणाचा, तेच ठरेना.

कापसाच्या गाठी. तिथंच माझं बोट अडलं.

रविवार, दुपार

आज सुट्टी. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही. लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वीचा मे. पूर्व भागातलं सुताचं गोदाम. रात्री अकराला वर्दी, अडीचपर्यंत ज्वाळा गेल्या. गाठी काळ्या, चिंब भिजलेल्या. अण्णाने एकीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, म्हणाला, “पोटात ऊब आहे. फोडून बघू.”

दाबून बांधलेल्या सुताचं असंच असतं. पाणी सालीपुरतं जातं, आत धुमसत राहतं, तासन् तास. गाठ हुकाने ओढून, फोडून, पसरून भिजवावी लागते. मला हे माहीत होतं, कुणी शिकवायची गरज नव्हती. पण पोरं दुपारपासून तिसऱ्या आगीवर होती, एकाला उलटी झाली होती, टाकीत पाणी संपत आलेलं. मी म्हणालो, “सकाळी मालक फोडेल. होज गुंडाळा.”

पहाटे पुन्हा वर्दी, पत्ता तोच. या वेळी शेजारची पत्र्याची शेड गेली, भाड्याने चालवणाऱ्या एका विणकराचे चार माग तिच्यात. माणसाला इजा नाही. तो विणकर मागांच्या सांगाड्यासमोर उकिडवा बसून तेलुगूत काहीतरी बोलत होता. अण्णाला तेलुगू येतं. त्याने मला अर्थ सांगितला नाही, मीही विचारला नाही.

नोंदवहीत मी लिहिलं, ‘पुन्हा धूर दिसल्याने गाडी रवाना. आग पूर्णपणे विझवून परत.’

या स्वाध्यायाच्या पहिल्या खर्ड्यात मी झोकात लिहिलं होतं की आमच्या नोंदवहीत चुकीला रकानाच नाही. खोडलं ते. शेऱ्याचा रकाना चांगला चार बोटं रुंद आहे. एकोणीस वर्षांत मी तिथं ‘निरंक’ याखेरीज काही लिहिलेलं आठवत नाही.

रात्री ११.५५

दुसरी वर्दी नेमकी किती वाजता आली ते आठवेना, म्हणून नऊच्या सुमाराला अण्णाला फोन लावला. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय तो. न अडखळता म्हणाला, “सव्वापाच. आता काय करलालास त्याचं?”

“लिहितोय. कॉलेजसाठी.”

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“गाठी फोडू म्हणून मी बोललो होतो,” अण्णा म्हणाला, “ते पण लिही.”

ते लिहिलं. सोळाशे चाळीस शब्द झाले. तसेच पाठवले.