फ्रायबुर्गच्या मैत्रिणी, आमचं हिंडणं आणि मारबत

नागपूरवरून मैत्रिणींचे जेवढे मेसेज येतात त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, तिकडे फ्रेंड्स झाले का गं तुझे, का एकटीच फिरून राहिली? मी दरवेळी दोन ओळी टाइप करते आणि सोडून देते कारण खरं उत्तर बरंच लांब आहे. आज सुट्टी आहे, निवांत लिहिते. पुढच्या वर्षी आपल्याकडचे जे पोट्टे-पोट्ट्या एक्स्चेंजला निघणार आहेत त्यांनी तर वाचाच.

मी रोटरी क्लबच्या यूथ एक्स्चेंजवर, म्हणजे परदेशात तिथल्या एका कुटुंबात राहून शाळेत जायचं, जर्मनीत फ्रायबुर्गला आहे. देशाच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, एका बाजूला फ्रान्स, खाली स्वित्झर्लंड, आणि गाव संपलं की लगेच ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर. होस्ट फॅमिलीत माझ्याच वयाची एक मुलगी आहे, तिला मी इथे होस्ट बहीणच म्हणते.

सुरुवातीचे महिने मैत्रीच्या बाबतीत कठीण गेले, खोटं काय सांगू. त्याचं एक कारण शाळेतच आहे. इथे अकरावीत प्रत्येक जण आपापले विषय निवडतो, त्यामुळे आपल्यासारखा एक वर्ग, एक बेंच, वर्षभर शेजारी तीच मैत्रीण असं काही नसतंच. गणिताला वेगळी मुलं, इतिहासाला वेगळी, तास संपला की सगळे दुसऱ्या खोलीत. आणि शाळा सुटल्यावर गेटपाशी घोळका करून उभं राहणं नाही, सगळे सायकली काढतात आणि घरी, कारण संध्याकाळी कोणाचं हँडबॉल असतं, कोणाचं ऑर्केस्ट्रा. मैत्री तिथे होते, हे मला होस्ट आईने सांगितलं आणि तिनेच मला शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या ग्रुपमध्ये, जायला लावलं. माझं जर्मन तेव्हा फार तुटकं होतं पण गाण्यात ओळी समोर लिहिलेल्याच असतात ना, शेजारची बोट ठेवून दाखवायची कुठे आहोत ते. माझी इथली पहिली मैत्रीण म्हणजे ती बोट दाखवणारी.

दुसरी गोष्ट तारखांची. नागपुरात कसं, कोणीतरी बिल्डिंगखाली येऊन हॉर्न वाजवते, चल ना बे फुटाळ्यावर जाऊ, आणि पाच मिनिटात आपण गाडीवर. इथे ती कॉयरवाली मला मंगळवारी म्हणाली की पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी तीन ते सहा वेळ आहे का तुला? म्हणजे संपायची वेळ पण आधीच! मला खूप वाईट वाटलं होतं, वाटलं टाळून राहिली. पण तो शनिवार आला तेव्हा धो धो पाऊस होता, नोव्हेंबरचा थंडगार, आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी हमखास मेसेज टाकते की सोड ना यार उद्या पाहू, आणि ही बाई तीनला पाच कमी असताना ट्रामच्या स्टॉपवर रेनकोट घालून उभी. तिच्या डायरीत माझं नाव लिहिलेलं होतं म्हणजे ते तीन तास माझे होते, त्यात दुसरं कोणी घुसू शकत नव्हतं. फोन पण तिने एकदाही काढला नाही. तेव्हापासून मला ही तारखांची पद्धत मनापासून आवडते, आणि नवीन येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की इथे कोणी दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली तर नाराज होऊ नका, हो म्हणा आणि वेळेवर पोचा.

रोटरीच्या बाकी एक्स्चेंज मुलांशी मैत्री मात्र लगेच होते. ब्राझील, मेक्सिको, तैवान, सगळीकडचे. सगळ्यांचे ब्लेझर असतात आणि एकमेकांच्या देशांच्या पिना बदलून त्यावर लावायच्या, वीकेंड संपेपर्यंत ब्लेझर जड होऊन जाते. संत्र्याच्या चित्राच्या पिना नेल्या होत्या मी, त्या सगळ्यात आधी संपल्या. हे सगळे आपल्याच बोटीतले, घरची आठवण येणारे, म्हणून फार जवळचे वाटतात. पण फक्त त्यांच्यातच राहिलं तर दिवसभर इंग्लिश सुरू राहते आणि जर्मन तिथल्या तिथे अडकते, हे मी आजूबाजूला पाहिलंय.

आता आया-काकू लोकांसाठी एक पॅरा. इथे कायद्याने सोळाव्या वर्षी बियर आणि वाइन चालते, त्यामुळे पार्टीत ती असते. पण रोटरीचे नियम कडक आहेत, दारू नाही, ड्रग्ज नाही, गाडी चालवणं नाही, डेटिंग नाही, आणि मोडले तर सरळ घरी परत. मी अ‍ॅपफेलशोर्ले घेते, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, छान लागते. आजपर्यंत कोणी मला एकदाही जबरदस्ती केली नाही. एकदा नाही म्हटलं की विषय संपतो. आजी, तू काळजी करू नको.

हिंडायला इथे पैसे फार लागत नाहीत. विद्यार्थ्यांना स्वस्त पास मिळतो, त्यावर ट्राम, बस, आणि पूर्ण देशातल्या साध्या ट्रेन चालतात. बाहेर खाल्लं तर वेटर आधीच विचारतो एकत्र का वेगवेगळं, आणि प्रत्येक जण आपलं आपलं देतो. हिशोब ठेवायचं टेन्शनच नाही.

आमचं आवडतं ठिकाण म्हणजे शाउइन्सलांड. १,२८४ मीटर उंच डोंगर, आपलं नागपूर जेमतेम ३१० मीटरवर आणि डोंगर म्हणून आपल्याला सेमिनरी हिल्स माहीत, तर विचार करा. ट्रामने गुंटरस्टालपर्यंत, तिथून बस, आणि मग रोपवे, जी १९३० पासून चालू आहे आणि जवळपास साडेतीन किलोमीटर लांब. जानेवारीत गेलो तेव्हा खाली गावात आठवडाभर सूर्य दिसला नव्हता, सगळं धुकं, आणि केबिन वर चढता चढता अचानक त्या धुक्यातून बाहेर आली तर वर निळं आकाश, खाली ढगांचा समुद्र आणि पार दूर आल्प्सची रांग!! मी ओरडलेच. वर वाऱ्याने एका बाजूला वाकलेली बीचची झाडं आहेत, त्यांच्यापाशी आम्ही बर्फात बसून थर्मासमधला चहा प्यालो आणि मग स्लेजवरून घसरत घसरत, पडत, परत चढत, हात सुन्न होईपर्यंत.

स्ट्रासबुर्गला पण गेलो, त्याला होस्ट फॅमिली आणि रोटरी दोघांची परवानगी लागते कारण तो दुसरा देश. केलपर्यंत ट्रेन आणि तिथून ट्राम, जी राइन नदी ओलांडते आणि झालं, फ्रान्स. कॅथेड्रलचा मनोरा १४२ मीटर, मान दुखते बघून.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते फासनेटचं. हिवाळा संपता संपता, ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपवासांच्या आधी, इकडच्या गावागावात मिरवणुका निघतात. लाकडाचे कोरलेले मुखवटे, चेटकिणी, राक्षस, घरात आजोबांपासून चालत आलेले पोशाख, आणि बँडचा असा आवाज की छाती धडधडते. फ्रायबुर्गची मोठी मिरवणूक सोमवारी असते, ती पाहिलीच. पण दुसऱ्या दिवशी रात्री होस्ट बहीण मला तिच्या मामाच्या गावी घेऊन गेली, तिथे चौकात गवताचा पुतळा आणला, लोक मोठमोठ्याने रडायचं नाटक करत होते, आणि मग तो पेटवला.

मी तिथेच तिचा हात धरला आणि म्हटलं, हे आमच्याकडे पण आहे! मग परत येताना पूर्ण रस्ता मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मारबत, म्हणजे आपली नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक, सांगत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, एक काळी मारबत निघते, एक पिवळी, शंभर वर्षांच्या वर झाली ही परंपरा, सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात ज्यांच्यावर त्या वर्षीचं जे काही लोकांना खुपतं ते लिहिलेलं, महागाई, भ्रष्टाचार, सगळं. काळी मारबत लोक नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात, ती इंग्रजांना मिळाली म्हणून. आणि सगळं गाव ओरडतं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! हे मी गाडीत ओरडून दाखवलं, दोनदा, तर पुढे बसलेले होस्ट बाबा पण ओरडायला लागले. तिला काहीही जास्त समजवावं लागलं नाही. गावातली सगळी पिडा एका पुतळ्यात भरायची आणि जाळायची, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. इतके महिने मी भारत म्हणजे काय हे सांगायचा प्रयत्न करत होते, मसाले, साडी, दिवाळी, ते ती छान छान म्हणून ऐकायची. पण त्या रात्री तिने प्रश्न विचारले. पुतळा कोण बनवतं, तुझे आजोबा जायचे का, मुली पण जातात का मिरवणुकीत. त्यातल्या काहींची उत्तरं आजीला फोन करून विचारली मी.

मग पुढच्या रविवारी मी सगळ्यांना तर्री पोहा खाऊ घातला. रविवारी इथे दुकानं बंद, म्हणून पोहे आणि काळे चणे शनिवारीच एशियन दुकानातून आणले, सावजी मसाला आईने दिलेला होताच. तर्री मी अर्धीच तिखट केली तरी कॉयरवालीचे डोळे लाल, नाक लाल, पण वाटी परत पुढे केली. मेक्सिकोवालीने मात्र वरून अजून तिखट मागितलं.

आता होस्ट बहिणीचं पक्कं झालंय. तिच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या सप्टेंबरपर्यंत असतात, पोळा त्यातच येतो, तर पुढच्या वर्षी ती नागपूरला येणार आहे, मारबत बघायला. आईबाबांना मी सांगितलंय, वरची खोली तिची. तिने अर्थातच मला तारीख विचारली आणि डायरीत लिहून पण टाकली. आता माझी एकच अडचण आहे, त्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि तिला सगळं नीट दिसायला पाहिजे, म्हणून मिरवणुकीच्या रस्त्यावर कोणाची पहिल्या माळ्यावरची गॅलरी असेल तर प्लीज मला सांगा, आम्ही सकाळी लवकर येऊ आणि पोहे आम्हीच आणू.