दोरीवरची चड्डी

दोन दिवस झाले, गॅलरीतल्या दोरीवर सायकलची चड्डी लटकते आहे आणि अजून ओलीच आहे. बाकीचे कपडे पावसातही वाळतात कसेबसे. हिच्या बुडाशी शिवलेली गादी मात्र पिळता येत नाही आणि पिळल्याशिवाय वाळत नाही. खालच्या काकूंनी परवा वर बघून विचारलंच, "नातवंडं आलीत वाटतं?"

एवढा थाट कशासाठी, तर कोथरूडहून वारज्यामार्गे खडकवासल्याची चौपाटी गाठायची आणि परत यायचं. 25-30 किलोमीटर. लांब पल्ल्याला दुखलं तर माणूस म्हणतो, दुखणारच. तासाभरात दुखायला लागलं की मात्र कुणाकडे बघायचं?

पहिले सहा महिने मी या चड्डीच्या आत चड्डी घालत होतो. आत काही घालायचं नसतं, शिवण घासते, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी तरी काय तोंडाने विचारणार! युरोपात पूर्वी म्हणे शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याचं कातडं लोकरीच्या चड्डीला आतून शिवत; धुतलं की कडक व्हायचं, म्हणून मलम चोळून मऊ करायचे. त्यापेक्षा आपला स्पंज बरा. पण त्यावरून एक सैल हाफ पँट हवीच. परतताना अमृततुल्यासमोर चहाचा ग्लास धरून तसल्या घट्ट अवतारात उभं राहणं मला जमत नाही. मुलगी हसते. हसू दे.

अण्णांचा सायकलचा पोशाख म्हणजे एक स्टीलची क्लिप. उजव्या पायाची विजार घोट्याशी गुंडाळायची, क्लिप लावायची, निघाले. क्लिप सापडली नाही की आईच्या दोरीवरचा लाकडी चिमटा. एकदा तो चिमटा लावून दिवसभर ऑफिसात वावरले आणि तसेच घरी आले.

त्यांची 24 इंची काळी सायकल. हाफ पायडलचा कंटाळा आला तेव्हा मी एका रविवारी पाना घेऊन तिची सीट पार खाली बसवली, पाय टेकावेत म्हणून. आणि विसरलो. सोमवारी अण्णा तशीच घेऊन गेले. संध्याकाळी आले ते गुडघा चोळत. बोलले काहीच नाहीत. पाना मात्र त्यानंतर कपाटात, कुलपात गेला.

त्यांचा गुडघा का दुखला, हे मला माझी सायकल घेतल्यावर कळलं. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने मारताना गुडघ्यात जेमतेम बाक राहतो. माझी सीट दोन बोटं खाली होती, तर वारज्यापर्यंतच गुडघा बोलायला लागायचा. आता सीटच्या दांड्यावर बायकोच्या नेलपॉलिशची लाल रेघ आहे. सर्व्हिसिंगहून आली की आधी रेघ बघतो. हवासुद्धा 28 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 100 पीएसआय दाबाची 75 वर आणली, तेव्हा कुठे गतिरोधक मणक्यात शिरायचे थांबले.

ही रेघ अण्णांना दाखवायला हवी होती.

असो. चड्डी काही उद्यापर्यंत वाळत नाही. जुनी ट्रॅक पँट आहे, फक्त तिचा पाय चेनमध्ये जातो. दोरीवरचा एक चिमटा आत्ताच काढून खिशात टाकलाय.