दर्यो केवडो, बाटली केवडी

‘दर्यो केवडो, आनि तुजी बाटली केवडी गो?’

मालवणच्या मामाने हे मला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी महिनाभराची समुद्रफेरी आटोपून मुरगाव बंदरातून थेट त्याच्याकडे गेले होते. मामाचं सगळं आयुष्य रापण ओढण्यात गेलेलं. पुढे हाच प्रश्न शाळेतल्या मुलांनी विचारला, बँकेतल्या बाईंनी विचारला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनीही विचारला. एवढ्या अफाट समुद्रातलं अर्धा लिटर पाणी भरायचं, त्याची आम्लता मोजायची आणि समुद्र बदलतोय म्हणून सांगायचं, हे पटायचं कसं? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट बसून लिहिते.

आधी एक सांगते. समुद्र आंबट झालेला नाही. आम्लता मोजायची पट्टी म्हणजे पीएच: ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर अल्कधर्मी. या पट्टीवर लिंबाचा रस २ च्या आसपास, ताजं दूध ७ च्या किंचित खाली आणि समुद्राचं वरचं पाणी सरासरी ८.१. म्हणजे ते आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी ते ८.२ च्या जवळ होतं. ०.१ चा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, पण ही पट्टी लॉगरिदमची, म्हणजे एक घर उतरलं की आम्लता दहापट; त्यामुळे एवढ्या फरकातही आम्लता आणणारे पाण्यातले हायड्रोजन आयन सव्वापट होतात. आपण जाळलेल्या कोळशा-तेलातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. तो पाण्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल पाण्यातले कार्बोनेट आयन खाऊन टाकतं. प्रवाळ, कालवं, तिसऱ्या यांचं कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं, त्यातलंच हे कार्बोनेट. ते कमी पडलं की कवच बांधायला जास्त कष्ट पडतात.

खुल्या समुद्रात पीएच आता वर्षाला ०.००२ च्या आसपास उतरतो आहे. बाटलीचं सगळं प्रकरण या आकड्यापाशी येऊन थांबतं. पाण्याचा नमुना मोजताना एका अंशाने जरी गरम झाला, तरी त्याचा पीएच साधारण ०.०१५ ने खाली येतो. समुद्राला तेवढं उतरायला सात-आठ वर्षं लागतात, आणि आम्ही ते लॅबमधल्या एका मिनिटाच्या निष्काळजीपणात करून दाखवू शकतो. म्हणून मला विचाराल तर खरी चिंता बाटली लहान असण्याची नाही. खोलवरचं पाणी जसं होतं तसंच यंत्रापर्यंत पोचलं का, याची आहे.

आमचं ‘स्टेशन’ म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. जहाज थांबतं, विंचच्या तारेवरून रोझेट पाण्यात सोडतात. धातूच्या चौकटीत गोलाकार उभ्या केलेल्या निस्किन बाटल्या, प्रत्येकी दहा लिटरच्या, आणि खाली तापमान, क्षारता, खोली सांगणारं सीटीडी. बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली जातात. मिनिटाला साठेक मीटर, म्हणजे दोन हजार मीटरला अर्ध्या तासाहून जास्त. वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबायचं आणि लॅबमधून बटण दाबायचं, की त्या खोलीवरच्या बाटलीची दोन्ही झाकणं मिटतात.

रोझेट डेकवर आला की त्याच्याभोवती रांग लागते, आणि त्या रांगेचा क्रम कुणी मोडत नाही. आधी ऑक्सिजनवाले, मग आम्ही कार्बनवाले, मग पोषकद्रव्यांचे, क्षारतेचे सगळ्यात शेवटी. मीठ कुठे उडून जात नाही, वायू जातो. खोलातलं पाणी थंड असतं आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेलं; आमचा डेक तापलेला. सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं ते आठवा.

माझी बाटली जाड बोरोसिलिकेट काचेची. निस्किनच्या तोटीला लावलेली नळी तिच्या तळाला टेकवायची आणि पाणी अगदी शांतपणे वर चढू द्यायचं. भोवरा नको, खळखळ नको, बुडबुडा तर नकोच. बाटली भरली तरी थांबायचं नाही, आणखी एक बाटलीभर पाणी वाहून जाऊ द्यायचं. मग नळी चिमटून अलगद बाहेर. लगेच पिपेटने मर्क्युरिक क्लोराइडचे शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. नाहीतर पाण्यातले सूक्ष्मजीव बंद बाटलीतही श्वास घेत राहतात आणि आपल्याला समुद्राचा नव्हे, त्यांच्या श्वासाचा कार्बन मोजायला मिळतो. ते जहाल विष आहे, त्यामुळे असलं सांडपाणी कॅनमध्ये साठवून किनाऱ्यावर आणावं लागतं. शेवटी ग्रीस लावलेलं काचेचं बूच, त्यावर रबरबँड, आणि बाटलीचा नंबर लॉगशीटवर. घरी तुळशीला पाणी घालतानाही मी नळी आधी चिमटते आणि आतली हवा निघून गेली का ते बघते.

मोजणीचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्या घरातला आहे. हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू असंच बनतं. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, तेही त्याच कारणाने. समुद्राच्या पाण्यासाठी आमची हळद म्हणजे मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचा रंग. आम्लाच्या बाजूला पिवळा, अल्कलीच्या बाजूला जांभळा. समुद्राच्या पाण्यात त्याची दोन्ही रूपं एकाच वेळी असतात. दहा सेंटिमीटर लांब काचेच्या सेलमधून प्रकाश सोडायचा, ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरवर तो किती शोषला गेला ते पाहायचं, आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून पीएच काढायचा. तापमान पक्कं २५ अंश. पण रंग घातल्यानेच पाण्याचा पीएच जरासा हलतो. म्हणून काही नमुन्यांत रंग दुप्पट घालून पुन्हा मोजतो, आणि किती हलला ते समजलं की तेवढी वजावट करतो.

याखेरीज दोन मोजण्या. पाण्यात फॉस्फोरिक आम्ल घालून सगळा विरघळलेला अजैविक कार्बन वायूरूपात बाहेर काढून मोजायचा. तो किलोमागे दोन हजार मायक्रोमोलच्या (मोल हे रेणू मोजायचं एकक) आसपास असतो. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून-मापून घालत, म्हणजे टायट्रेशन करून, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. दोन हजारांच्या हिशेबात चूक दोनच्या वर जाऊ द्यायची नाही, असा आमचा दंडक.

पण आपलं यंत्र खरं बोलतंय हे कळायचं कसं? त्यासाठी जहाजावर आणखी एक बाटली असते, कॅलिफोर्नियातल्या ला होयाहून आलेली. तिथल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी निर्जंतुक करून, त्यात तेच मर्क्युरिक क्लोराइड घालून बाटल्या भरतात आणि त्यातला कार्बन किती, अल्कलिनिटी किती, हे प्रमाणपत्रासह देतात. अनेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा मुख्यतः याच बाटल्यांवर विसंबून आहेत. आम्ही दिवसाची सुरुवात तिने करतो. तिचा आकडा चुकला तर आमच्या नमुन्याला हात लावायचा नाही, आधी यंत्राचं दुखणं शोधायचं. गोव्याहून निघालेल्या जहाजावरचा आकडा हवाईजवळच्या आकड्याशेजारी ठेवता येतो तो या बाटलीमुळे.

माझ्या दुसऱ्याच फेरीत, पहाटे अडीचच्या स्टेशनला, नळीच्या वळणात एक बुडबुडा अडकून राहिला. मला दिसला होता. बाटली अर्धी भरली होती, मागे रांग खोळंबली होती, मी तशीच पुढे भरली. आठशे मीटरवरच्या त्या पाण्याच्या दोन जोडबाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यात सहा मायक्रोमोलचा फरक आला. मला तो आकडा खोडून टाकावासा वाटला. आमच्या मॅडमनी खोडू दिला नाही. आकड्यापुढे ३ लिहायला लावला. समुद्रविज्ञानाच्या नोंदींत २ म्हणजे चांगला, ३ म्हणजे शंकास्पद, ४ म्हणजे वाईट. ‘आणि शेरा लिही, बुडबुडा दिसला होता म्हणून,’ एवढंच म्हणाल्या. तो ३ आणि तो शेरा अजून त्या नोंदीत आहे. माझ्या बाकीच्या २ लिहिलेल्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवायचा असेल, तर तो त्या ३ मुळेच ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आता मामाचा प्रश्न. एका बाटलीने समुद्र कळतो का? नाही कळत. त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटल्यांनी कळतो. हवाईच्या उत्तरेला अलोहा नावाच्या स्टेशनवर १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला जहाज जातं. बर्म्युडाजवळही १९८८ पासूनच. वर्षाला इतका उतार, असं आपण छातीठोकपणे म्हणतो ते अशा नोंदींच्या जोरावर.

आपला अरबी समुद्र त्या मानाने फार अवघड आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याजवळ वर चढतं आणि त्याचा पीएच मुळातच कमी असतो. गोव्यासमोर सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा ऑक्सिजन कधी कधी पार संपतो. निस्किनची तोटी उघडली की कुजक्या अंड्यांचा वास येतो. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक कांदोळीसमोरच्या स्टेशनवर १९९७ पासून जातात, ते हे सगळं बघायला. तिथे एका मोसमात पीएच जेवढा वरखाली होतो, त्यापुढे वर्षाचा उतार किरकोळ. तो दिसायला दशकं मोजावं लागतं. म्हणून कुणी एकदाच पाणी तपासून आपला किनारा इतका आम्ल झाला असं सांगू लागलं, तर मी मानत नाही. आणि जहाजाचे दिवस वाटताना जुन्या स्टेशनवर परत जाण्याला नव्या शोधाइतकाच मान मिळावा, असं मी बैठकीत दर वेळी म्हणते.

१९९४ ते १९९७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजावरून अरबी समुद्रात ६४ अंश पूर्व रेखांशावर स्टेशनांची एक रांगच मोजून ठेवली. त्या रांगेतल्या एका ठिपक्यावर आम्ही पोचलो ती रात्र अमावास्येची होती, डेकवरच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. रोझेट वर आला. नळी लावली, वळण तपासलं, दोनदा तपासलं.

मामाला हे सगळं सांगितलं, आणि कड उडाल्यामुळे बाद केलेली एक रिकामी बाटली त्याला दाखवायला नेली. त्याने ती उजेडात धरून फिरवून पाहिली, बूच घट्ट बसतं का ते बघितलं.

‘परत कधी जातलंस?’

‘डिसेंबरात.’

‘थयच?’

‘थयच, मामा.’