कॅलिगरी आणि दोन पुस्तके

आजचा रविवार जर्मन चित्रपटांवरची दोन जुनी पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यात गेला: सिगफ्रिड क्रॅकौअर यांचे १९४७ सालचे ‘फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर’ आणि लोटे आइसनर यांच्या १९५२ सालच्या फ्रेंच पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद, ‘द हाँटेड स्क्रीन’. दोघांनाही १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून पॅरिस गाठावे लागले, आणि तरीही ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) या एकाच मूकपटाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी किती भिन्न! क्रॅकौअर त्यात हुकूमशहापुढे मान तुकवायला निघालेला समाज शोधतात. आइसनर मात्र त्या वाकड्या घरांचा आणि नेपथ्यावर चक्क रंगाने काढलेल्या सावल्यांचा माग अभिव्यक्तिवादी (मनातल्या भावना मुद्दाम वाकवलेल्या आकारांतून मांडणाऱ्या) चित्रकला व रंगभूमीपर्यंत नेतात.

क्रॅकौअर यांच्या मते मूळ कथा जुलमी सत्तेविरुद्धचे बंड होती, पण ती वेड्याच्या तोंडी घालणारी चौकट, म्हणजे कथेभोवतीची बाहेरची कथा, पुढे लादली गेली आणि तिची धार बोथट झाली. कालांतराने पटकथेची जुनी प्रत उजेडात आली, तेव्हा तीतही निराळ्या स्वरूपाची का होईना, पण चौकट असल्याचे दिसले. त्यामुळे त्यांच्या सिद्धान्ताचा एक मोठा आधार डळमळतो, हे मान्य करावेच लागते. (पुस्तक तरीही खाली ठेववत नाही.) मला स्वतःला आइसनर अधिक पटतात, कारण त्या आधी दृश्य बारकाईने न्याहाळतात आणि मगच समाजाविषयी बोलतात.