उगाच घरघर कशासाठी?

मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, जागेवर उभी, पुढची सहल दोन महिने लांब, आणि मी जनरेटर सुरू करून आत एसी लावून बसलेली. बघणारा विचारतोच, "कुठे जायचं नाहीये ना, मग हे उगाच कशाला?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. चालून जनरेटर झिजतो त्याहून जास्त तो पडून बिघडतो.

आधी मलाही वाटायचं, कमी वापरला की जास्त टिकेल. पण ठेवणीतलं कापडसुद्धा घडीवर विरतं. एकदा पाच महिने मी त्याला हात लावला नाही. मग ऐन निघायच्या दिवशी बटण दाबलं तर इंजिन क्षणभर धरायचं आणि बंद पडायचं. बऱ्याच खटपटीनंतर सुरू झालं, पण आचके देत. आवाज चढतोय, उतरतोय, दिवे लुकलुकताहेत. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला तेव्हा कारण दिसलं. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मुळातच केसाएवढं, आणि त्यात तपकिरी, चिकट राळ बसलेली. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेलं हवेशी संयोग होऊन घट्ट होतं. साधारण महिन्याभरात याची सुरुवात होऊ शकते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं.

तेव्हापासून गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर मी टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध, टाकते. टाकल्यावर जनरेटर थोडा वेळ चालवायचा असतो, हे मात्र बरेच जण विसरतात. नाहीतर औषध टाकीत आणि दुखणं कार्बोरेटरमध्ये.

आता एसी का लावते, तर नुसता रिकामा चालवणं म्हणजे चालवणं नव्हे. महिन्यातून एकदा, निम्म्याच्या आसपास लोडवर (म्हणजे क्षमतेच्या निम्मी वीज खेचणारी उपकरणं लावून), दोनेक तास, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. लोड असला की इंजिन नीट तापतं, ऑइलमधला आणि वायंडिंगमधला (तारांच्या गुंडाळ्यांमधला) ओलावा उडतो. ब्रशवाल्या जनरेटरमध्ये स्लिप रिंगवर, म्हणजे ब्रश ज्यांवर टेकतात त्या फिरत्या कड्यांवर, गंजाचा पातळ थर चढलेला असतो, तोही फिरताना घासला जातो. फार दिवस पडून राहिला तर कधी कधी आतलं उरलेलं चुंबकत्वच इतकं मंदावतं की इंजिन छान चालतंय आणि वीज मात्र येत नाही! डिझेलवाल्यांनी तर रिकामा चालवण्याची सवय मुळीच लावू नये. अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठत जाते. बंद करण्याआधी लोड काढून तीन-चार मिनिटं तसाच फिरू द्यायचा, म्हणजे थंड होतो.

ऑइलकडे दुर्लक्ष होतं, कारण इथे किलोमीटर दिसत नाहीत, तास दिसतात. माझ्या मॅन्युअलमध्ये दर १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला, असं आहे. १५० तास ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण ताशी ६० च्या वेगाने गाडी तेवढे तास चालली तर ९,००० किलोमीटर होतात. शिवाय आत ऑइल मावतं जेमतेम दीडेक लिटर. पातळी इंजिन बंद करून आणि गाडी सपाट जागी उभी करून बघायची. उतारावर उभ्या गाडीत ऑइल एका बाजूला सरकतं, त्यामुळे ते पुरेसं असूनही जनरेटर बंद पडू शकतो.

आणखी एक गंमत. मध्यरात्री जनरेटर आपोआप बंद पडला की लोक पाना शोधायला धावतात. आधी इंधनाचा काटा बघा. गाडीच्याच टाकीतून पुरवठा असेल तर जनरेटरची नळी सहसा मुद्दाम उंचावर बसवलेली असते, म्हणजे पाव टाकी उरली की तो थांबतो आणि परत जाण्यापुरतं इंधन राहतं. तसंच, घाट चढून वर गेलात आणि एसी सुरू होताना जनरेटर दमला, तर तोही बिघाड नव्हे. हवा विरळ होते तशी ताकद घटते, दर १,००० फुटांमागे साधारण ३ ते ४ टक्के.

एअर फिल्टर, प्लग, बॅटरीची टोकं हे सगळं मॅन्युअलप्रमाणे करतेच. पण एका गोष्टीत मी अजिबात चालढकल करत नाही, ती म्हणजे एक्झॉस्टचा पाइप. आपण याच गाडीत झोपतो. एक्झॉस्टमधल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दर वेळी सुरू करण्याआधी वाकून सांधे, तडे, पाइप धरून ठेवणारे खालचे हँगर बघते. पाइपासमोर भिंत किंवा उंच गवत नाही ना तेही बघते. गाडीतल्या या वायूच्या अलार्मचं नुसतं बटण दाबून भागत नाही. त्याच्या सेन्सरलाही वय असतं, मागे तारीख छापलेली असते, ती वाचा. आणि जनरेटर चालू ठेवून मी झोपत नाही, कितीही उकडो.

गेली आठ वर्षं हा माझ्याकडे आहे. काल तासांचा काटा ४१२ वर होता. त्यातले जवळजवळ निम्मे गाडी जागची न हलता झालेले आहेत.