तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ सारखं पितं, दूध पुरत नसेल का?

हा प्रश्न बहुतेक वेळा बाळंतीण विचारतच नाही. सासूबाई विचारतात, आई विचारते, नवरा दारात उभा राहून विचारतो, आणि ती पडल्या पडल्या ऐकत असते. "आत्ताच तर पाजलं, परत कसं मागतंय?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं. या वेळा घड्याळात सारख्या वाटलेल्या नसतात. संध्याकाळी तीन तासांत पाचदा पिईल, मग एकदम अडीच तास झोपेल. पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम 2 ते 10 मिली चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, पोटात जातो, म्हणजे अर्धा ते दोन छोटे चमचे. एवढ्यावर भूक किती वेळ थांबणार?

सगळं बिनसतं ते दुसऱ्या रात्री. पहिला दिवस बाळ झोपून काढतं, घर निर्धास्त असतं. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला ते जागं होतं आणि पहाटेपर्यंत छाती सोडत नाही. दुपट्यात ठेवलं की रडतं, उचललं की गप्प. आईची छाती अजून मऊ, दाबली तर थेंब-दोन थेंब. टाके ओढत असतात. दोनच्या सुमाराला कुणीतरी म्हणतं, "थोडं वरचं देऊया." 30 मिली पावडरचं दूध पाजलं जातं, बाळ तीन तास झोपतं, आणि दूध नव्हतंच यावर शिक्कामोर्तब होतं.

खरं तर ते बाळ त्या रात्री दूध मागवत असतं. बाळामागून वार (गर्भाला पोसणारा गोळा) पडल्यावर दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. सिझर, मधुमेह किंवा फार रक्तस्राव झाला असेल तर आणखी उशिरा. चोखण्यानं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, वाढतं, रात्री जास्तच. रिकामी होणारी छाती पुन्हा भरते, तुंबून राहिलेली मंदावते. वरच्या दुधाच्या त्या तीन तासांत छातीकडे मागणीच गेली नाही.

त्या रात्री आईनं कुशीवर पडून पाजावं. सिझर असेल तर बाळाला काखेत घ्यावं, पाय पाठीमागे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. बोंडशी चिमटल्यासारखी सतत दुखली तर बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा, परत लावा. गिळणं थांबलं की छाती हलकेच दाबा, मग दुसरी बाजू. बाळ चोखायला कंटाळलं तर अंगठा आणि तर्जनी काळ्या घेऱ्याच्या कडेशी ठेवून आधी बरगड्यांकडे, मग एकमेकांकडे दाबत चीक वाटीत काढा, चमच्यानं पाजा. लंगोट बदलणं, ढेकर काढणं बाकीच्यांनी करायचं. डोळा लागण्याची भीती असेल तर जागं माणूस जवळ हवंच.

पोट भरतंय की नाही, हे लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी निदान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी.

पूर्वी मी सरसकट सांगायचे, सारखं पितं म्हणजे उत्तमच. तसं सांगणं चूक होतं. काही बाळं तासन्‌तास चोखतात पण गिळत नाहीत, आणि "पितंय ना" म्हणत घर गाफील राहतं. वजन 10 टक्क्यांच्या वर उतरलं, चौथ्या दिवसानंतरही शू विटकरी रंगाची आहे, बाळ उठवूनही पीत नाही, कावीळ पायांपर्यंत दिसते, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर ते औषधासारखं मोजून, वाटी-चमच्यानं द्या, आणि छातीतून दूध काढणं चालू ठेवा.

आणि बाळ ठीक आहे, पण आईच कोसळायला आली असेल तर? काढलेलं दूध घरच्यांनी पाजावं, तिनं दोन तास झोपावं, असं मी म्हणते. पण चौथ्या रात्री हातानं काही निघतच नसेल आणि ती "मला फक्त झोपू द्या" म्हणत असेल, तर तिला थांबवायला माझी जीभ रेटत नाही. वर लिहिलेलं सगळं माहीत असूनही.